मायझाडाचे नवे पाय

वरुडाच्या उत्तरेला सातपुडा निळसर दिसतो. त्याच्या पायथ्यावरून उतरत आलेली जमीन जिथं सपाट होते, तिथं आमचं गाव आहे. चहूकडे संत्रा. माघात आंबिया बहर फुटला की गावात येणारा पाहुणा आधी वेशीत थांबतो, नाक वर करतो आणि मग विचारतो, अमक्याचं घर कुठं. आम्हाला त्या वासाबद्दल काही सांगता येत नाही. आम्ही त्यातच जन्मलो.

आमच्याकडे संत्र्याचं झाड बी टाकून करत नाहीत, हे बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं. जंबेरी नावाचं एक आंबट, काटेरी लिंबू असतं. त्याचं रोप वाढवायचं. ते पेन्सिलीएवढं जाड झालं की त्याच्या सालीला चीर द्यायची आणि चांगल्या संत्र्याच्या फांदीवरून काढलेला एक डोळा, म्हणजे सालीसकट कोंब, त्या चिरेत बसवायचा. वरून पट्टी आवळायची. महिन्याभरात डोळा उघडतो. मग खाली पाय जंबेरीचे आणि वर अंग संत्र्याचं, असं एकच झाड होऊन ते तीस वर्षं उभं राहतं. अशा रोपांच्या वाफ्यांना आम्ही पन्हेरी म्हणतो. पन्हेरीत डोळे बांधायला जोडी लागते. चाकू पुरुषाचा, त्याला डोळेकरी म्हणायचं; पट्टी बाईची. बाईनं चाकू धरला तर डोळा लागत नाही, असं जुनी माणसं सांगत. कोणी करून पाहिलं नव्हतं, पण सगळ्यांनी मानलं होतं.

भागीरथामाय या गावात आली ती अकोटाकडून, कपाशीच्या मुलखातून. सतरा वर्षांची होती. संत्र्याचं झाड तिनं तोवर पाहिलं नव्हतं. लग्नानंतर आठव्या दिवशी सासू मैनाबाईनं तिच्या कमरेला केळीच्या सोपटाच्या पट्ट्या खोचून दिल्या आणि म्हटलं, "चाल त्याच्या मांगं." त्याच्या, म्हणजे नवऱ्याच्या, श्रावणबाबाच्या. तो वाकून चीर द्यायचा, डोळा बसवायचा, पुढं सरकायचा. ती उकिडवी बसून पट्टी बांधायची, पुढं सरकायची. सोपटाच्या जागी पुढं प्लास्टिक आलं, बैलगाडीच्या जागी ट्रक आले, रोपं राजस्थानापर्यंत जाऊ लागली. ती दोघं तशीच सरकत राहिली, एकामागं एक, चाळीस हिवाळे.

रोज सकाळी चाकूला धार लावायचं काम तिचं होतं. सहाणीवर पाणी टाकून ती हळूहळू घासायची आणि अंगठ्याच्या नखावर पाहायची. धार तिची, काप त्याचा.

एकदा निवृत्त शिक्षक वामनराव गुरुजींनी पन्हेरीच्या बांधावर बसून, पेनानं तळहातावर गणित केलं. "रोजचे हजार, हिवाळ्यात सत्तर दिवस, चाळीस हिवाळे. भागीरथामाय, अठ्ठावीस लाख झाले!"

"काय अठ्ठावीस लाख, गुर्जी?"

"झाडं."

"त्यातले मेले किती, थे मांडले का?"

"नाही."

"मंग पोराइले कायचं गनित शिकवत होते तुमी?"

बांधावरचे सगळे हसले. गुरुजीही हसले. ती पट्टी बांधता बांधताच म्हणाली, "अन् थे सारे नागसेनच्या बाबाचे. म्या तं नुसती गाठ मारली."

नागसेन तिचा मुलगा. चांदूर रेल्वे गावात नोकरीवर असतो, तिकडंच राहतो. भागीरथामायच्या स्वतःच्या नावावर जमीन नाही. बौद्धवाड्यात दोन खोल्या आणि पुढं अंगण. अंगणात एकच झाड, तेही जंबेरीचं. दरवर्षी ती त्याचं बी टाकते आणि रोपं करते. कोणी मागितली की देते.

आता मायझाडाबद्दल सांगतो.

किसनराव नावाच्या बागायतदाराच्या शेतात विहिरीजवळ एक संत्र्याचं झाड आहे. पन्नाशी ओलांडलेलं. संत्र्याला पन्नास म्हणजे माणसाचे शंभर. गावातल्या बहुतेक बागा त्याच झाडाच्या डोळ्यांवर उभ्या आहेत, म्हणून ते मायझाड. त्याचं फळ सालीत सैल, बी कमी, आणि आंबटगोडाचा तोल असा की पहिली फोड खाल्ल्यावर माणूस दुसरी मागत नाही, गप्प बसतो. श्रावणबाबानं चौदाव्या वर्षी आयुष्यातला पहिला डोळा भरला, त्याचंच हे झाड झालं. पट्टी त्याच्या आईनं, मैनाबाईनं बांधली होती. अठ्ठावीस लाखांच्या आधीचं हे एक.

चार वर्षांपूर्वी माघ महिन्यात हे झाड बघायला बाहेरगावचे शेतकरी आणि दोन-तीन अधिकारी येणार असल्याचा निरोप आला. किसनरावांचा मुलगा अमोल भारावून गेला. मनाचा चांगला मुलगा. ज्याला मान द्यायचा त्याला ओटा बांधायचा, ही आमच्याकडची रीत. पिंपळाला ओटा, कडुनिंबाला ओटा. अमोलनं चार दिवसांत मायझाडाभोवती विटांचा गोल ओटा बांधला, दोन फूट उंच. आतून काळी माती भरली, वरून सारवलं, बाहेरून गेरू आणि चुन्याचे पट्टे ओढले. झाड नवरदेवासारखं दिसायला लागलं. सगळं गाव बघून आलं.

कार्यक्रमाच्या दिवशी श्रावणबाबांना पुढच्या रांगेत खुर्ची दिली. खांद्यावर शाल, हातात नारळ. किसनराव माइकवर म्हणाले, "हे झाड आमच्या वावरातलं असलं तरी हात या माणसाचा." टाळ्या वाजल्या. श्रावणबाबांचे डोळे भरून आले. बायकांच्या घोळक्यात भागीरथामाय उभी होती. तिची नजर मात्र शालीवर नव्हती, ओट्यावर होती.

संत्र्याचं रोप लावताना एक गोष्ट पाळावी लागते. जंबेरी आणि संत्रा जिथं जुळलेत तो जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. जंबेरीच्या पायांना ओल सोसते. संत्र्याच्या सालीला ओली माती सोसत नाही. ती कुजते, आतून डिंक गळतो, डिंक्या रोग होतो आणि झाड उभ्या उभ्या जातं. रोप न्यायला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला भागीरथामाय बोट नाचवून सांगायची, "जोडाले माती लागू देजो नोका." चाळीस वर्षं सांगत आली होती. रोप लावताना सगळे ते पाळत, पण पन्नास वर्षांच्या झाडालाही जोड असतो हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

आणि त्या दिवशी जोड दोन फूट मातीत गाडलेला होता.

घरी येताना पांदणीत दोघंच होती. श्रावणबाबांनी विचारलं, "पाह्यलं ना तू?"

"पाह्यलं."

"बोलली काहून नाई?"

"तुमी काहून नाई बोलले?"

बाबांनी शालीचं टोक बोटात धरलं होतं. थोडं चालून ते म्हणाले, "पान्याच्या आंदी सांगू त्याइले. घाई नाई."

पावसाच्या आधीच, वैशाखात, ते गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

बाबांसाठी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी अमोल आला. त्यानं वरुडातून काळ्या दगडाची पाटी करून आणली होती. तीवर कोरलं होतं, 'डोळेकरी श्रावण यांच्या स्मृतीस'. ती त्यानं ओट्याच्या दर्शनी बाजूला पक्की बसवली. नागसेननं पाटीचा फोटो काढला, मोबाइलवर ठेवला. बौद्धवाड्यातली माणसं येता-जाता तिथं थांबू लागली. आमच्या गावात कोणा डोळेकऱ्याचं नाव दगडावर आलं नव्हतं. आता कोणत्या तोंडानं म्हणायचं की हा ओटा फोडा?

पहिला पावसाळा झाड तगलं. दुसऱ्या पावसाळ्यात पानं पिवळी पडली, शिरा पांढुरक्या झाल्या, फळं लिंबाएवढी असतानाच गळाली. अमोलनं फवारण्या केल्या. दोन ठिकाणची औषधं आणून ओट्यात ओतली. लोक म्हणाले, वय झालं. किसनराव रोज झाडाखाली जाऊन उभे राहत आणि परत येत.

भागीरथामायही जायची. कार्तिकात एके सकाळी ती गेली, ओट्यावर चढली आणि बुंध्याला टेकून हातानं माती उकरली. कोपरापर्यंत हात घातला. बाहेर काढला तेव्हा बोटांना तांबूस डिंक चिकटला होता. तिनं तो नाकाशी नेला. आंबूस, सडका वास. ती तशीच घरी गेली आणि लोखंडी सब्बल घेऊन परत आली.

पहिला घाव पाटीच्या खाली बसला. आवाज ऐकून किसनराव विहिरीकडून धावत आले, मागं अमोल, मागं वच्छलाबाई, किसनरावांच्या पत्नी. आजूबाजूच्या वावरातले आम्ही पाच-सहा जण जमलो.

"भागीरथाबाई! काय करून राह्यल्या? तुमच्या मालकाचं नाव आहे त्याच्यावर!" किसनराव ओरडले.

"वाचता येते मले, भाऊ."

अमोलचा चेहरा उतरला. "काकू, काही चुकलं का माझं?"

"चुकलं, बाप्पा. पन तुयं कमी, माहं जास्त." तिनं सब्बल टेकवली. "जोड मातीत गेला हाय. झाड खालून सडून राह्यलं. मले त्याच दिशी मालूम होतं. ओटा पाह्यला तवाच."

किसनराव तांबडे झाले. "माहीत होतं? दोन पावसाळे गेले, भागीरथाबाई! दोन! गावाची माय आहे हे झाड, अन् तुम्ही तोंडातून शब्द काढला नाही?"

तिनं मान खाली घातली नाही. सरळ त्यांच्याकडे पाहत राहिली.

"त्या दिशी त्याइले खुर्ची भेटली होती, भाऊ," ती म्हणाली. "पहिल्यांदा."

 विहिरीवरचा पंप तेवढा चालू होता. किसनरावांनी एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा आपल्या हातांकडे. मग त्यांनी पुढं होऊन तिच्या हातातली सब्बल घेतली, सदऱ्याच्या बाह्या सारल्या आणि विटेत घातली. पासष्टीचा माणूस. अमोलनं फावडं आणलं. पाटी मात्र भागीरथामायनं स्वतः सैल केली, बोटांनी चुना खरवडून, आणि पदरात धरून बाजूला ठेवली.

माती निघाली तसं खालचं दिसलं. बुंध्याची साल काळी पडून सोलत होती. पाऊण भाग मेलेला. एका बाजूला वीतभर रुंदीची पट्टी तेवढी जिवंत, तिच्यावर पन्नास वर्षांचं झाड श्वास घेत होतं. त्याच्या वर, जिथवर माती पोचली नव्हती, तिथं साल हिरवी होती.

"संपलं," अमोल म्हणाला.

"वरून जितं हाय," भागीरथामाय म्हणाली. "पाय गेले. पाय देऊ."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. माणसाला लाकडाचा पाय बसवलेला आम्ही पाहिला होता. झाडाला?

तिनं सडकी साल चाकूनं खरवडली. धार लावण्यापलीकडं तिच्या हातात श्रावणबाबांचा चाकू आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला, शिंगाच्या मुठीचा, धुडक्यात गुंडाळून ठेवलेला. मोरचूद आणि चुन्याचा मलम करून तिनं जखमेवर लावला. मग अंगणातली जंबेरीची सात रोपं मुळांच्या गड्ड्यासकट आणली. कमरेएवढी उंच, अंगठ्याएवढी जाड. ती तिनं बुंध्याभोवती वीतभर अंतरावर गोल लावली, प्रत्येक रोप झाडाकडे किंचित कललेलं.

"आता?" किसनराव म्हणाले.

"आता थांबा. याइचे मुळं धरू द्या. झाडाची साल सुटली का मंग."

तीन महिने गाव थांबलं. पॅकिंगच्या शेडमध्ये उत्तमराव नावाचा एक दलाल म्हणायचा, "मेल्या म्हशीभोवती सात रेडके बांधले बुढीनं." भागीरथामायच्या कानावर ते गेलं. ती म्हणाली, "रेडके तं रेडके. म्हशीले दूध त्याइलेच पाजा लागते ना."

माघ उजाडला. मायझाडाच्या वरच्या फांदीवर थोडी नवी पालवी आली. भागीरथामायनं नखानं साल दाबून पाहिली. ती लाकडावरून अलगद सुटली, म्हणजे आत रस चढला होता. "उद्या सकाळी," ती म्हणाली.

त्या सकाळी मी तिथं होतो. धुकं विहिरीवर होतं आणि बाजूच्या बागा फुलल्या होत्या. भागीरथामाय जमिनीवर बसली, पाय पसरून, जशी लेकराला न्हाऊ घालायला बसतात तशी. सहाणीवर चाकू घासला, नखावर पाहिला. मग हात थांबला. तो चाकू तिनं चाळीस वर्षं धारेला लावला होता, पण त्यानं जिवंत झाडाची साल स्वतः कधी चिरली नव्हती. जुन्या माणसांचं बोलणं आम्हा सगळ्यांना आठवत होतं. तिलाही आठवलं असेल. तिनं ओठ मिटले आणि मांडीच्या उंचीवर, सडलेल्या भागाच्या वर, बुंध्याच्या हिरव्या सालीत चीर दिली. आडवी रेघ खाली, उभी रेघ वर. चाकूच्या टोकानं सालीच्या दोन्ही कडा उचलल्या. आतलं लाकूड ओलं, पांढरं, चकचकीत. मग पहिल्या रोपाचा शेंडा तिनं तिरपा छाटला, बोरूच्या टोकासारखा, रोप वाकवलं आणि ते टोक खालून वर सालीत सरकवलं. जंबेरीचं टोक आईच्या कुशीत तोंड घालावं तसं आत गेलं. एक बारीक खिळा ठोकला.

"पट्टी," ती म्हणाली.

आणि मग आमच्या ध्यानात आलं. चाकू तिच्या हातात असेल तर पट्टी कोण बांधणार? चाळीस वर्षं ते काम करणारी तीच होती.

वच्छलाबाई पुढं आल्या. नऊवारीचा काठ खोचून त्या ओल्या मातीत भागीरथामायच्या मागं उकिडव्या बसल्या आणि प्लास्टिकची पट्टी घेतली.

"आवळा ना वं वच्छलाबाई! लुगड्याची गाठ नोय हे."

"तुटंल नं माय."

"तुटत नाई. वारा जाऊ नाई असं आवळा. हां. आता कशी!"

असे सात. ऊन वर येईपर्यंत एकही माणूस हलला नाही. शेवटी भागीरथामायनं साऱ्या सांध्यांवर मेण लिंपलं आणि उठायला हात पुढं केला. किसनरावांनी तो धरून तिला उभं केलं. आम्ही पाहत होतो. सात पातळ, काटेरी काठ्यांवर पन्नास वर्षांचं एक झाड टेकलं होतं. मी देवळात गेलो आहे, मोझरीच्या आश्रमात सामुदायिक प्रार्थनेला हजारो माणसांत बसलो आहे. तसा गप्प मी तिथंही झालो नव्हतो.

उन्हाळा कडक गेला. सेहेचाळीस अंशांत पाखरं पडत होती. बोअर आटले, किसनरावांची विहीर तळाला गेली. ते स्वतःच्या दोन एकर बागेचं पाणी कमी करून मायझाडाला देत होते. भागीरथामाय रोज उजाडताना यायची, सातही जोडांवरून बोट फिरवायची आणि निघून जायची. चैत्रात एक रोप वाळलं. वैशाखात दुसरं. आषाढात पट्ट्या सोडल्या तेव्हा पाच जोड असे मिळाले होते की साल कुठं संपते आणि कुठं सुरू होते ते बोटाला लागत नव्हतं. रोपं मनगटासारखी फुगायला लागली होती. झाडाच्या अंगातलं खाणं खाली उतरत होतं, मुळातलं पाणी वर चढत होतं.

पुढच्या माघात मायझाड फुललं. सगळं नाही, पूर्वेकडच्या तीन फांद्या. पण वास पांदणीपर्यंत आला.

आज तुम्ही आलात तर दिसेल. जुना बुंधा खालून पोकळ होत चाललाय, त्यात हात घालता येतो. त्याच्याभोवती पाच पाय आहेत, मांडीएवढे होऊ घातलेले, आणि त्यांवर हिरवागार डेरा. ओटा नाही. किसनराव म्हणाले होते, "भागीरथाबाई, पाटी परत लावू. खाली तुमचंही नाव कोरू." ती म्हणाली, "लावा. झाडापासून धा हात दूर लावा." आता ती पाटी विहिरीच्या थाळण्यात आहे, पंपाचं पाणी पडतं तिथं, बाबांचं नाव वर करून. दगडामुळं तिथली माती वाहत नाही.

परवा त्या झाडाची पहिली फळं उतरली. किसनरावांनी टोपलंभर संत्री बौद्धवाड्यात पाठवली. वामनराव गुरुजी भागीरथामायच्या अंगणात बसून एक सोलत होते. पहिली फोड खाल्ली आणि गप्प बसले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "माय, त्या अठ्ठावीस लाखांत आणखी सात मांडायला पाहिजेत."

"पाच," भागीरथामाय म्हणाली. ती सहाणीवर चाकूला धार लावत होती. पन्हेरीवाले खुशालराव तिला न्यायला येणार होते. या हिवाळ्यात त्यांच्याकडं चाकू तिचा होता. "दोन मेले. अन् त्याइच्यात नोका टाकू, गुर्जी. थे नागसेनच्या बाबाचे होय. हे पाच येगळे मांडा."

"कोणाच्या नावानं?"

तिनं चाकू नखावर धरून उन्हात पाहिला.

"माह्या."